टानबाखच्या अल्याड-पल्याड

आईला आधी वाटलं, मी तिची फिरकी घेतेय.

"हा ओढा?" शालीतून हात बाहेर काढून तिनं बोट दाखवलं. "ह्याच्यापायी एवढं रामायण?"

तिचं काही चुकत नव्हतं. टानबाख म्हणजे उसाला पाणी पाजायच्या पाटापेक्षा जरासा मोठा ओहोळ. गवतात निम्मा लपलेला, नोव्हेंबरातही घोटाभर पाण्याचा. धावत आलेलं पोर उडी मारून सहज पल्याड जाईल. आणि तरी सदतीस वर्षं या ओहोळाच्या एका काठावर एक जग संपत होतं आणि दुसऱ्या काठावर दुसरं सुरू होत होतं. अल्याड बव्हेरिया, म्हणजे पश्चिम जर्मनी आणि तिच्या मागे उभी असलेली अमेरिका. पल्याड थुरिंजिया, म्हणजे पूर्व जर्मनी आणि तिच्या मागे मॉस्को. मधे चाळीस-पन्नास माणसांचं एक गाव. त्याचं नाव म्योडलारॉइट.

आम्ही तिथे पोचलो तो दिवस १ नोव्हेंबरचा, शुक्रवार. मी एरलांगेनला राहते, बव्हेरियात. इथे १ नोव्हेंबरला सर्व संतांच्या सणाची सरकारी सुट्टी असते. दुकानं बंद, रस्ते रिकामे, लोक फुलं आणि लाल काचेतल्या मेणबत्त्या घेऊन स्मशानात जातात. लेकीला बापाकडे सोपवलं आणि तीन महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या, घरात बसून कंटाळलेल्या आईला गाडीत बसवलं. तिला राजवाडे-किल्ले दाखवून झाले होते. म्हटलं, चल, तुला एक गाव दाखवते, तुला आवडेल. का आवडेल ते सांगितलं नाही.

खरं तर तारखेवरूनच ते तिच्या लक्षात यायला हवं होतं. आई निपाणीची सून आणि कागलची लेक. निपाणी कर्नाटकात, कागल महाराष्ट्रात, मधलं अंतर वीसेक किलोमीटर. १ नोव्हेंबर १९५६ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव जिल्ह्याबरोबर निपाणी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेली. आमच्याकडे या दिवशी एकीकडे राज्योत्सवाच्या लाल-पिवळ्या पताका लागतात आणि दुसरीकडे काळा दिवस पाळतात. लहानपणी शाळेत जायचं की नाही हे त्या दिवशी घरात सकाळी ठरायचं.

एरलांगेनहून उत्तरेला निघालं की बायरॉइटपर्यंत सगळं फ्रांकोनियासारखंच दिसतं. बिअरच्या पाट्या, लाल कौलं, गोलसर टेकड्या. पुढे होफ जवळ आलं की हवा बदलते. या कोपऱ्याला बव्हेरियातले लोक थट्टेनं 'बव्हेरियन सैबेरिया' म्हणतात, आणि त्या दिवशी धुकं असं होतं की थट्टा वाटत नव्हती. घरांच्या छपरांवर, कुठे कुठे भिंतींवरही, काळ्या स्लेटच्या फरश्या. लहान-लहान शेतं, मधे सूचिपर्णी झाडांचे काळपट पुंजके. जमीन हलकी, थंडी फार, द्राक्षं नाहीत, गव्हाचा डौल नाही. होफ कापडगिरण्यांचं गाव होतं. आता चौकात पितळी हंड्यातून गरम सॉसेज विकणाऱ्या माणसासाठी त्याची जास्त ओळख आहे.

इथल्या गावांच्या नावांच्या शेपटाला 'रॉइट' फार लागतं. रान तोडून, बुंधे उपटून मोकळी केलेली जागा, तिथे वसलेलं गाव, असा त्याचा अर्थ. वाग्नरच्या संगीत महोत्सवामुळे जगाला माहीत झालेलं बायरॉइट हेही त्यातलंच. आपल्याकडे वाडी, खेड, गाव म्हणतात, पण 'इथे आधी जंगल होतं आणि आम्ही ते हातानं हटवलं' ही आठवण नावातच जपून ठेवलेली मला तरी आपल्याकडे पटकन आठवत नाही. टानबाख याचा अर्थही सरळ आहे. टाने हे इथलं सूचिपर्णी झाड आणि बाख म्हणजे ओढा. तर रान तोडून वसलेल्या गावातून रानातल्या झाडाच्या नावाचा ओढा वाहतो आणि हद्द आखायला सोयीचा म्हणून कुणीतरी तो हद्द म्हणून धरतो. शेताचा बांध घालताना आपणही ओढाच बघतो.

ही हद्द जुनी आहे. सोळाव्या शतकापासून या ओढ्याच्या एका बाजूला बायरॉइटचे मार्कग्राफ आणि दुसऱ्या बाजूला रॉइस घराण्याचे काउंट राज्य करत होते. या रॉइस मंडळींबद्दल दोन वाक्यं सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. या घराण्यातल्या झाडून सगळ्या मुलग्यांचं नाव हाइनरिश. सगळ्यांचं. मग ओळखायचे कसे, तर आकड्यांनी. थोरल्या पातीनं शंभरापर्यंत मोजून पुन्हा एकपासून सुरुवात करायची, धाकट्या पातीनं शतक बदललं की आकडा पहिल्यावर आणायचा. आईला हे फार आवडलं. "सासू हाक कशी मारत असंल?" हा तिचा प्रश्न इतिहासकारांना कुणी विचारला असेल असं वाटत नाही.

१८१०मध्ये नेपोलियननं बायरॉइटचं संस्थान बव्हेरियाच्या राजाला दीड कोटी फ्रँकना विकलं. त्या सौद्यात म्योडलारॉइटचा अर्धा भागही गेला. नवा मालक आला की पहिलं काम मोजणीचं. त्याच वर्षी ओढ्याच्या कडेनं हद्दीचे दगड रोवले गेले. एका अंगाला बव्हेरियाच्या राज्याची आद्याक्षरं, दुसऱ्या अंगाला रॉइसच्या. यातले काही दगड अजून जागेवर आहेत. शेवाळ धरलेले, गुडघाभर उंचीचे. मी एकावर हात ठेवून उभी राहिले. आमच्या मळ्याच्या शिवेवर असाच एक दगड आहे, त्याला दरवर्षी नारळ फुटतो.

त्या दगडांनी पुढची सव्वाशे-दीडशे वर्षं कुणाचं काही बिघडवलं नाही. कर वेगळ्या तिजोरीत जायचा, इतकंच. शाळा थुरिंजियाच्या बाजूला होती, म्हणून बव्हेरियातली पोरं सकाळी पूल ओलांडून तिकडे जायची. गावातली खानावळही तिकडेच, म्हणून संध्याकाळी त्यांचे बापही त्याच पुलावरून तिकडे. चर्च मात्र बव्हेरियातल्या ट्योपेन गावात, म्हणून रविवारी उलटा प्रवास. लग्नं ओढा बघून जुळत नव्हती, शेतंही दोन्हीकडे होती. १९१८मध्ये राजे गेले, रॉइसचं संस्थान गेलं, १९२०मध्ये थुरिंजिया नावाचं नवं राज्य झालं, तरी रेघ जिथे होती तिथे राहिली. तिच्याकडे कुणी लक्षच देत नव्हतं, हे तिच्या टिकण्याचं एक कारण असावं.

मला या गावाच्या इतिहासात सगळ्यात हादरवून टाकणारी गोष्ट भिंत नाही वाटत. सप्टेंबर १९४४मधलं लंडन वाटतं. युद्ध अजून चालू होतं आणि लंडनमध्ये टेबलाभोवती बसून मित्रराष्ट्रांचे अधिकारी ठरवत होते की जिंकल्यावर जर्मनीचे वाटे कसे करायचे. त्यांनी नवी रेघ ओढण्याचे कष्ट घेतले नाहीत. आहेत त्याच प्रांतांच्या, जिल्ह्यांच्या हद्दी वापरल्या. थुरिंजिया रशियाकडे, बव्हेरिया पुढे अमेरिकेकडे. नकाशावर ते किती सुटसुटीत दिसलं असेल! करवसुलीसाठी ठेवलेली, शेवाळलेली, विसरलेली एक रेघ त्या दुपारी दोन महासत्तांच्या मधली रेघ झाली आणि म्योडलारॉइटमध्ये कुणाला त्याचा पत्ता नव्हता. कुणीतरी त्या दिवशीही पूल ओलांडून बिअर प्यायला गेलं असेल.

१९४५च्या वसंतात आधी अमेरिकन फौज आली, दोन्ही बाजूंना. जुलैत बर्लिनमधल्या आपल्या वाट्याच्या बदल्यात अमेरिकनांनी थुरिंजिया सोडलं आणि रशियन आले. ते आले ते ओढा ओलांडून बव्हेरियाच्या अर्ध्यातही येऊन बसले आणि १९४६पर्यंत हलले नाहीत. म्हणजे बांध कोरायचा प्रयत्न तिथेही झाला. शेवटी दगड बघून मागे गेले. त्या दगडांनी त्या अर्ध्या गावाचं आयुष्य ठरवलं. ते रशियनांच्या ताब्यात राहिलं असतं तर पुढची चाळीस वर्षं गाव एकसंध राहिलं असतं, पण कुंपणाच्या आत. यातलं कुठलं बरं, हे मला ठरवता येत नाही.

सुरुवातीला परवाने घेऊन ये-जा चालायची. १९४९मध्ये दोन जर्मनी झाल्या, तरी ओढा ओलांडता येत होता. मग २६ मे १९५२ला पूर्व जर्मनीच्या सरकारनं हुकूम काढला. सीमेपासून पाच किलोमीटरचा पट्टा निषिद्ध, तिथे राहणाऱ्याला वेगळा शिक्का, बाहेरच्याला परवाना. त्याच्या आत पाचशे मीटरचा आणखी कडक पट्टा. आणि अगदी रेघेला लागून दहा मीटरची पट्टी नांगरून, दाताळ्यानं सारखी करून ठेवलेली, पाऊल पडलं तर उमटावं म्हणून. माझ्या आजोबांनी तंबाखूच्या रोपांसाठी वाफे असेच सारखे केले असते. इथे काही पेरायचं नव्हतं.

त्याच जूनमध्ये या पट्ट्यातून 'अविश्वासू' लोकांना हलवायची मोहीम झाली. काही दिवसांत आठ हजारांहून अधिक माणसं, पुरतं सामानही न घेता, आतल्या भागात नेऊन टाकली. कुणाचे नातलग पश्चिमेत होते, कुणी बोलघेवडा होता, कुणाचं शेजाऱ्याशी वाकडं होतं. त्या मोहिमेचं सरकारी कागदोपत्री ठेवलेलं नाव होतं 'उनगेत्सीफर'. त्याचा अर्थ घरात शिरलेली कीड, ढेकूण-पिसवा, जे औषध मारून काढायचे असतात. बोली भाषेत कुणी चिडून म्हटलं असतं तर एक वेळ समजू शकते. हे कार्यालयात बसून दिलेलं नाव आहे.

म्योडलारॉइटमध्ये आधी लाकडी फळ्यांचं, माणसाच्या डोक्याच्या वर जाणारं कुंपण आलं. मग काटेरी तार. मग १९६६मध्ये काँक्रीटची भिंत, सातशे मीटर लांब आणि तीन मीटर तीस सेंटिमीटर उंच. बाकीच्या सीमेवर बहुतेक ठिकाणी जाळीचं कुंपण पुरत होतं, कारण तिथे बघणारं कुणी नव्हतं. इथे घरासमोर घर होतं. नुसती माणसं अडवून भागण्यासारखं नव्हतं, नजरही अडवायची होती, म्हणून गावापुरती भिंत. अमेरिकन सैनिक या गावाला 'छोटं बर्लिन' म्हणू लागले. योगायोग असा की त्याच १९६६मध्ये, थोड्याच अंतरावर, युद्धात उडवलेला 'झाले' नावाच्या नदीवरचा महामार्गाचा पूल दुरुस्त होऊन दोन जर्मनींमधली वाहतूक पुन्हा त्यावरून सुरू झाली. तोवर ती ट्योपेनवरून जायची. मोठा रस्ता उघडला आणि छोटा ओढा बंद झाला.

त्या भिंतीचा सुमारे शंभर मीटरचा तुकडा ठेवलाय. उरलेली भिंत, मनोरा, जाळीचं कुंपण, दिव्यांचे खांब, हे सगळं उघड्यावरच्या संग्रहालयाचा भाग आहे. भिंत पांढरी आहे. मला ती राखाडी असेल असं वाटलं होतं. रात्री दिव्याच्या झोतात माणसाची आकृती उठून दिसावी म्हणून पांढरा रंग सोयीचा, हे मला आईनं सुचवलं. ती बराच वेळ भिंतीपाशी उभी होती. मग म्हणाली, "वरनं हात तरी दिसत असंल की. हात करायचा."

हात करायचा नाही, असा नियम होता. हे तिला सांगितलं तेव्हा तिचा विश्वास बसेना. पूर्वेच्या बाजूच्या लोकांना पश्चिमेकडे बघून हात हलवायला, हाक मारायला, नमस्काराला उत्तर द्यायला मनाई होती. पश्चिमेच्या बाजूला तर बसगाड्या भरभरून पर्यटक यायचे, ओढ्याकाठी उभं राहून कॅमेरे रोखायचे, हात हलवायचे. पल्याड अंगणात कपडे वाळत घालणारी बाई मान खाली घालून काम करत राहायची. तिची बहीण त्या गर्दीत उभी असली तरी. बाहेरच्या कुणाला त्या अर्ध्या गावात पाहुणा म्हणून यायचं तर परवाना लागायचा. वाढदिवस, बारसं, मयत, सगळं गावातल्या गावात, म्हणजे अर्ध्या गावातल्या अर्ध्या गावात.

१९८३च्या ५ फेब्रुवारीला अमेरिकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष जॉर्ज बुश इथे आले. केनेडींनी बर्लिनमध्ये म्हटलेल्या 'मी बर्लिनर आहे' या वाक्याची नक्कल करत त्यांनी म्हटलं, 'मी म्योडलारॉइटर आहे.' टाळ्या पडल्या असतील. मला या भेटीत फारसा रस नाही. अशा ओळी पाहुण्यांना परवडतात.

पळून जायचे प्रयत्न या सबंध भागात झाले. भिंत ओलांडून इथून पळण्यात यश आलं ते एकाच माणसाला, १९७३मध्ये, शिडी लावून. आणि १९७९च्या १६ सप्टेंबरला प्योसनेक गावची दोन कुटुंबं, मुलाबाळांसकट आठ जणं, घरी शिवलेल्या गरम हवेच्या फुग्यातून रात्री सीमा ओलांडून होफजवळच्या नायला गावाशी उतरली. अर्ध्या तासापेक्षा थोडं कमी उड्डाण. खाली उतरल्यावर आपण कुठल्या जर्मनीत आहोत हे त्यांना माहीत नव्हतं. हे ऐकून आईनं पहिल्यांदा वर बघितलं. वर धुकंच होतं.

मग १९८९. ऑक्टोबरच्या पहिल्या दिवशी सकाळी प्रागमधल्या पश्चिम जर्मन वकिलातीत आसरा घेतलेल्या हजारो पूर्व जर्मनांना घेऊन पहिल्या रेल्वेगाड्या होफच्या स्टेशनात आल्या. बर्लिनची भिंत ९ नोव्हेंबरला उघडली, ते जगानं टीव्हीवर पाहिलं. म्योडलारॉइटला आणखी एक महिना थांबावं लागलं. ९ डिसेंबर १९८९ला भिंतीत पायी जाण्यापुरतं दार झालं आणि गावातली माणसं सदतीस वर्षांनी सरळ वाटेनं एकमेकांकडे गेली. १७ जून १९९०ला यंत्र लावून भिंत पाडली.

त्याच ९ डिसेंबरला, काही किलोमीटरवर होफमध्ये, आणखी एक गोष्ट घडत होती. तिची फारशी आठवण काढली जात नाही आणि मला ती भिंत पाडण्याइतकीच आवडते. दोन्ही जर्मनींमधले सुमारे चारशे निसर्गप्रेमी एका सभागृहात जमले. त्यांना बोलावणाऱ्यांत काई फ्रोबेल नावाचा एक तरुण होता. तो याच सीमाभागात, कोबुर्गकडे वाढलेला. शाळकरी वयापासून दुर्बीण घेऊन त्यानं सीमेवरचे पक्षी मोजले होते. त्याच्या लक्षात आलं होतं की ब्राउनकेल्खेन, म्हणजे तपकिरी गळ्याचा चिमुकला पक्षी, शेतीनं सपाट केलेल्या प्रदेशातून नाहीसा होत चाललाय, पण सीमेच्या पट्टीत मात्र घरटी करतोय. कुंपणाचे खांब त्याला बसायला सोयीचे होते. माणसाला बंदी होती म्हणून नांगर नाही, खत नाही, औषधफवारणी नाही. त्या सभेनं ठराव केला की ही पट्टी अशीच राखायची आणि तिला नाव द्यायचं 'हिरवा पट्टा'. एका बाजूला गावं भिंत पाडायला अधीर झालेली, आणि दुसरीकडे ही मंडळी सांगतायत की तार काढा, पण गवताला हात लावू नका. १३९३ किलोमीटरची ती सीमा आज बऱ्याच ठिकाणी गवत, झुडपं, दलदल आणि ओढ्यांची सलग पट्टी आहे. थुरिंजियानं आपल्या वाट्याच्या ७६३ किलोमीटरला २०१८मध्ये राष्ट्रीय नैसर्गिक स्मारकाचा दर्जा दिला. गस्तीच्या गाड्यांसाठी टाकलेल्या, भोकं असलेल्या काँक्रीटच्या लाद्यांवरून आता लोक चालायला जातात. आम्हीही गेलो. लाद्यांच्या भोकांतून गवत आलं होतं आणि आईची चप्पल (बूट घालायला तिनं ठाम नकार दिला होता) दर चौथ्या पावलाला अडकत होती.

मला वाटायचं, भिंत पडली म्हणजे गाव एक झालं असणार. येण्याआधी मी हे गृहीतच धरलं होतं. तसं झालेलं नाही. म्योडलारॉइटचा पश्चिमेचा भाग आजही बव्हेरियातल्या ट्योपेन ग्रामपंचायतीत आहे, पूर्वेचा भाग थुरिंजियातल्या गेफेल नगरपालिकेत. दोन महापौर, दोन जिल्हे, दोन विधानसभा. अल्याडच्या गाड्यांच्या पाट्यांवर होफची अक्षरं, पल्याडच्यांवर झाले-ओर्ला जिल्ह्याची. अल्याडचा पिनकोड ९५नं सुरू होतो, पल्याडचा शून्य सातनं. समोरच्या घरात फोन लावायचा तर दुसऱ्या गावाचा कोड फिरवायचा. अल्याड भेटलेला माणूस 'ग्र्यूस गॉट' म्हणेल, म्हणजे देवाचा नमस्कार, आणि पल्याडचा 'गुटेन टाग'. आम्हाला पुलावर कुत्रा फिरवणारे एक आजोबा भेटले. ते काय म्हणतात इकडे मी कान लावून होते. ते फक्त 'हालो' म्हणाले.

आणि सुट्ट्या! ३१ ऑक्टोबरला मार्टिन लूथरच्या धर्मसुधारणेचा दिवस असतो, त्याची सुट्टी थुरिंजियाला, बव्हेरियाला नाही. दुसऱ्या दिवशी सर्व संतांची सुट्टी बव्हेरियाला, थुरिंजियाला नाही. म्हणजे आदल्या दिवशी गावाचा पल्याडचा अर्धा भाग घरी होता आणि आम्ही गेलो त्या दिवशी अल्याडचा. गंमत अशी की होफकडचा सगळा परिसर परंपरेनं लूथरच्या पंथाचा. सर्व संतांचा कॅथलिक सण त्यांचा नव्हेच. पण सुट्टी राज्य देतं, धर्म नाही. १८१०मध्ये नेपोलियननं कुणाला विकलं त्यावर आज कुणी सकाळी उशिरापर्यंत झोपायचं ते ठरतं.

एकत्र यायचंच तर वाट आहे. पन्नास हजारांहून कमी वस्तीचा प्रदेश एका राज्यातून दुसऱ्यात द्यायचा असेल तर दोन राज्यांनी आपसात करार करून ते करता येतं, अशी तरतूद जर्मन राज्यघटनेत आहे. इथे तर चाळीस-पन्नास माणसं. तरी कुणी तशी खटपट केल्याचं ऐकिवात नाही. आधी मला याचं वाईट वाटलं, मग वाईट वाटल्याचं हसू आलं. त्यांची रेघ पुन्हा १९३० सालासारखी झालीय. दोन तिजोऱ्या, दोन पाट्या, एक पूल. अशा रेघेबरोबर त्यांचे पणजे-खापरपणजे सुखानं जगले होते. ती पुसण्यासाठी धडपडावं असं तिच्यात काही उरलेलं नाही.

पूल ओलांडून आम्ही पल्याडच्या एका बाकावर बसलो. आई बराच वेळ गप्प होती. मग तिनं विषय काढला तो मामाचा.

कागल कोल्हापूर संस्थानात होतं आणि निपाणी इंग्रजांच्या बेळगाव जिल्ह्यात, तेव्हाही मधे हद्द होतीच. १९४९मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि सात वर्षं दोन्ही गावं एका राज्यात आली. मग १९५६. आईचं लग्न त्यानंतरचं. म्हणजे तिनं आयुष्यभर हद्द ओलांडूनच माहेरपण केलं, आणि तिला कधी ती लागली नाही. एसटीत बसायचं, ऊस बघत यायचं. पाटी मराठीतून कन्नडमध्ये बदलते, गाड्यांचे नंबर एमएच ०९चे केए २३ होतात, एवढंच. सीमाप्रश्नाच्या सभा, खटले, काळ्या दिवसाच्या फेऱ्या हे सगळं वडिलांच्या बाजूला. आईची बाजू सणाला भावाकडे जायची. २०२१मध्ये मात्र सीमेवर चाचणीचा दाखला मागायला लागले. मामा गेला तेव्हा तिच्याकडे तो नव्हता. रस्त्यात थांबून, फोनाफोनी करून ती पोचली तोवर सगळं उरकलं होतं.

"मला त्या दिवशी कळलं," ती म्हणाली, "की तिथं खरंच काहीतरी हाय."

मी घाईनं म्हणाले की आई, ते आणि हे एक नाही. तिथे साथ होती, इथे बंदुका होत्या. तिथे काही दिवस, इथे सदतीस वर्षं.

"व्हय गं, मला कळतंय की," ती म्हणाली. "मी कुठं एक म्हणाले? ती कपडे वाळत घालणारी बाई म्हणालीस नव्हं, तिच्यावरनं आठवलं."

ओढ्याचा आवाज येत होता, पण इतका बारीक की बोलणं थांबवल्यावरच ऐकू यायचा. पलीकडे भिंतीचा पांढरा तुकडा, त्याच्यामागे स्लेटचं छप्पर आणि चिमणीतून धूर. एक मांजर भिंतीच्या कडेनं आलं, पुलावरून बव्हेरियात गेलं.

थंडी वाजायला लागली होती आणि आईला चहा हवा होता. अल्याड सगळं बंद, म्हणून गाडी पल्याड, गेफेलकडे वळवली. तिथे शुक्रवार हा साधा शुक्रवार होता. ट्रक माल उतरवत होता, पोस्टाची पिवळी गाडी दारोदार फिरत होती. एका बेकरीत दिवा दिसला. काचेआड जाम भरलेले, वरून पिठीसाखर भुरभुरवलेले गोल तळलेले पाव होते. मी सवयीनं 'क्राफेन' मागितले, बव्हेरियात त्यांना तसंच म्हणतात. काउंटरमागच्या बाईंनी क्षणभर माझ्याकडे बघितलं.

"फानकूखन?" त्यांनी विचारलं.

बव्हेरियात फानकूखन म्हणजे तव्यावरचं धिरडं. मी मान हलवली आणि काचेतून बोट दाखवलं. त्यांनी चिमट्यानं दोन काढले. आईनं मागून माझी ओढणी ओढली आणि तीन बोटं दाखवली, नातीसाठी. तिसरा कागदात गुंडाळून तिनं पर्समध्ये ठेवला, दाखल्यांच्या आणि पासपोर्टच्या कप्प्यात, आणि पहिला घास घेतला तेव्हा सगळी साखर तिच्या शालीवर सांडली.